बाबांचं रीडिंग

एका मंगळवारची दुपार. ऑफिसात कुणाचं तरी प्रेझेंटेशन चालू होतं आणि मी लॅपटॉपच्या आड फोन धरून बाबांची साखर बघत होते. बघत होते म्हणजे खरंच बघत होते, सांगलीत बाबांच्या दंडावर चिकटवलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या चकतीतून आकडा निघतो, त्यांच्या फोनवर येतो, तिथून पुण्यात माझ्या फोनवर आणि अबुधाबीत धाकट्याच्या फोनवर. साडेतीनला 131 होती. पावणेचारला 160, बाण तिरका वर. चारला 198, बाण सरळ उभा. सव्वाचारला 247. मी उठून कॉरिडॉरमध्ये आले आणि फोन लावला. "बाबा, काय खाल्लंत?" तिकडून जरा वेळ काहीच नाही, मागे भांड्यांचा आवाज, मग दबक्या आवाजात, "पाटलांकडे आलोय. नंतर बोलू." "अहो पण काय खाल्लंत?" "चहा घेतला." "साखरेचा?" "हो." आणि ठेवला फोन. बाबा असा फोन ठेवत नाहीत कधी, 'बरं मग, ठेवू?' असं दोनदा विचारल्याशिवाय न ठेवणारा माणूस.

रात्री आईकडून कळलं. पाटीलकाका म्हणजे बाबांचे वीज मंडळातले जुने दोस्त. काकूंचं विसरणं गेली काही वर्षं वाढतच गेलंय, हल्ली त्या स्वयंपाकघरात जातच नाहीत, काकांनी गॅसची नळी काढूनच ठेवलेली असते. त्या दुपारी बाबा जाऊन बसले तर काकू आपणहून उठल्या, म्हणाल्या भाऊजी आलेत, चहा टाकते. काकांनी नळी जोडून दिली आणि दारात उभे राहिले. काकूंनी आधण ठेवलं, आलं ठेचलं, साखर घातली, जरा वेळाने परत साखर घातली. कप आणून बाबांच्या हातात दिला आणि विचारलं, जमलाय का? बाबांनी तो पाकासारखा चहा संपवला आणि अजून अर्धा कप मागितला. तो संपतोय तोवर माझा फोन.

247 हा आकडा मात्र खरा होता.

हेच डोक्यातून जात नाहीये. मी काही भलतंच बोलले असं नाही, इन्सुलिनवरच्या माणसाची साखर पाऊण तासात शंभरने चढली तर लेकीने विचारायचं नाही तर काय करायचं. चकतीनेही तिचं काम चोख केलं. तरीही त्या दुपारी त्या खोलीत जे काही झालं त्यातला एक लांबचा कोपरा माझ्यापर्यंत पोचला होता आणि मी तेवढ्या कोपऱ्यावरून जाब विचारत होते. बाबांना नंतर म्हटलं, सांगायचंत ना मला असं असं आहे. तर म्हणाले, "तिच्यासमोर? काय सांगू, तू केलेला चहा मला चालत नाही?"

बाबा मीटर रीडर म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत सांगली-मिरजेच्या गल्ल्यांमधून हिंडले. आधी सायकल, मग लुना. खांद्याला पिशवी, कानावर पेन, जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारून ती ॲल्युमिनियमची फिरणारी चकती बघायची, आकडे टिपायचे. लोक काय काय करायचे ते आम्हाला जेवताना सांगायचे, कुणी मीटर तिरका करून ठेवतो, कुणी काचेच्या फटीतून फोटोची फिल्म सरकवून चकती अडवतो. बाबांना दारातूनच कळायचं म्हणे, घरात फ्रिज चालू आहे आणि चकती ढिम्म, म्हणजे काहीतरी गोम आहे. तर अशा माणसाच्या दंडावर डॉक्टरांनी सेन्सर लावला तेव्हा ते काय म्हणाले असतील? "जन्मभर लोकांच्या घरी जाऊन मीटर वाचले, आता माझंच रीडिंग घेतायत. तेही दर मिनिटाला."

लावायला काही त्रास नाही. डबीसारखं एक यंत्र दंडावर टेकवायचं, खट असा आवाज येतो, सुई आत जाऊन बाहेर येते आणि कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटरचं, केसासारखं बारीक पातं तेवढं राहतं. तासाभराने आकडे सुरू. बाबा अर्ध्या बाह्यांचा सदरा घालतात, त्यामुळे चकतीची खालची कड दिसते, एसटीत कंडक्टरने विचारलं काका हे काय, तर म्हणाले ऑटो-स्टार्टर बसवलाय. शेतातल्या मोटारीला बसवतात तो. कंडक्टरने मान डोलावली म्हणे, सांगली जिल्ह्यात या उत्तरावर कुणी पुढे विचारत नाही.

पण विजेच्या माणसाला आत काय चाललंय हे कळल्याशिवाय चैन पडेना. मग मी सुट्टीत गेले तेव्हा दोघं अंगणात बसलो आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्या पात्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढतात. ही बुरशी आपल्या ओळखीची आहे, कांदा सोलताना वरच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी लागते ना, तीच. हे एन्झाइम ग्लुकोज दिसलं की त्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रॉन पात्यातून वाहिले की झाला करंट, जितकी साखर तितका करंट. किती करंट, बाबांचा पहिला प्रश्न. नॅनो अँपिअर, म्हणजे अँपिअरचा अब्जावा हिस्सा. बाबा हसायलाच लागले, "आमची चकती कूससुद्धा बदलली नसती तेवढ्यात." मग बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हणजे कांद्याच्या बुरशीवर चाललंय हे सगळं." आईने आतून ओरडून सांगितलं, तरी मी म्हणते कांदे पसरून ठेवा, कोंडून ठेवू नका. तिचं आपलं वेगळंच.

यातला खरा किचकट भाग तो इलेक्ट्रॉन तारेपर्यंत आणायचा, आणि त्यातच माणसांची तीस-चाळीस वर्षं गेली. अमेरिकेत लेलंड क्लार्क नावाचे गृहस्थ होते, ऑपरेशनच्या वेळी रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर काम करायचे. त्यांचा लेख परत आला, कारण रक्तात ऑक्सिजन किती गेला हे मोजून दाखवलेलं नव्हतं. मग त्यांनी ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोडच तयार केला, 1956 साली तो छापून आला, आणि 1962 साली त्याच्या तोंडाशी हे एन्झाइम बसवायची कल्पना मांडली, एन्झाइम साखर खाताना ऑक्सिजन वापरतं, तर ऑक्सिजन किती कमी झाला त्यावरून साखर किती ते काढा. पुढे इंग्लंडात क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी ऑक्सिजनला बाजूला सारून फेरोसिन नावाच्या रसायनाला इलेक्ट्रॉन वाहायला लावलं, त्यातून 1987 साली पेनाएवढं मीटर बाजारात आलं. आणि टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या ॲडम हेलर यांनी ऑस्मियम असलेल्या पॉलिमरच्या जाळ्यात एन्झाइम गुंतवून ते इलेक्ट्रोडला सरळ जोडूनच टाकलं. याला 'वायर्ड एन्झाइम' म्हणतात. बाबांना हा शब्द फार म्हणजे फार आवडला. वायरिंग कुठलंही असो, त्यांना त्यात घरच्यासारखं वाटतं.

आमच्या घरात हा आजार बाबांच्या आधीपासून आहे. आजोबांचा मला आठवतो तो वास, कोळशाच्या वखारीसारखी काळवंडलेली मोरी, तिच्या कोपऱ्यात स्टूल, स्टुलावर स्पिरिटचा दिवा आणि लाकडी चिमट्यात धरलेली काचनळी. निळंशार बेनेडिक्टचं द्रावण, त्यात ड्रॉपरने लघवीचे आठ थेंब, मग उकळायचं. आम्ही पोरं दारातून बघायचो, आजी हाकलायची. निळंच राहिलं तर आजोबा खूश, हिरवं झालं तर 'हं', पिवळं-नारिंगी झालं की आजी त्यांच्या ताटातला भात काढायची आणि विटकरी झालं की घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. आता कळतं की त्या नळीत आजोबांचा वर्तमान नसायचाच. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि उतरली तरी मूत्राशयात साठून बाहेर येईपर्यंत काही तास उलटलेले असतात. म्हणजे सकाळची विटकरी नळी रात्रीच्या श्रीखंडाची, आणि साखर एकदम खाली घसरली असेल तर नळी नुसती निळी, त्यावर काहीच कळणार नाही. आजोबा नळीला फसवायचेही. आदल्या दिवशी गोड झालं असेल तर सकाळी दोन तांबे पाणी पिऊन मग नमुना द्यायचे.

आजी सांगायची की आजोबांना मधुमेह आहे हे डॉक्टरच्या आधी मुंग्यांना कळलं. मोरीत रांगा लागायला लागल्या. यात तिने काही नवीन शोध लावला नव्हता, चरकसंहितेतसुद्धा प्रमेहाच्या खुणा सांगताना लघवीकडे मुंग्या जमतात असं दिलंय. लहानपणी मला ती अडाणी काळातली गोष्ट वाटायची. पण परवा वाचलं की फ्रान्समधल्या संशोधकांनी 2023 साली एका जातीच्या मुंग्यांना साखरपाण्याचं बक्षीस दाखवून शिकवलं आणि त्या मुंग्या ट्यूमर असलेल्या उंदराची लघवी आणि निरोगी उंदराची लघवी नुसत्या वासावरून वेगवेगळी ओळखायला लागल्या. फार थोड्या शिकवणीत. आजी असती तर म्हणाली असती, त्यात शिकवायचं काय.

मला या सगळ्यात जास्त गंमत वाटते ती सेन्सर काय बघत नाही याची. जिवंत वस्तूतलं काहीतरी घ्यायचं, एन्झाइम, अँटिबॉडी, डीएनएचा तुकडा, आणि त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवायचं, हीच या तंत्राची करामत आहे. प्रश्न जितका अरुंद तितकं उत्तर नेमकं. कोरोनात पुण्याच्या मायलॅबचं घरी करायचं किट आलं, मे 2021, अडीचशे रुपये, आठवतं ना, नाकात काडी फिरवायची, थेंब टाकायचे आणि रेघ उमटते का बघत बसायचं. ती रेघ एवढंच सांगायची की त्या विषाणूचं प्रोटीन काडीवर आलं की नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंना रेघ आली नाही म्हणून त्या हळदीकुंकवाला गेल्या, ताप दुसऱ्याच कशाचा तरी होता, टायफॉइड निघाला. किटने कुठे सांगितलं होतं की तुम्हाला बरं आहे.

हा प्रकार मामाच्या द्राक्षबागेत फार महागात पडला होता. मामा तासगावकडचा. 2010 चा सीझन तिकडे अजून कुणी विसरलेलं नाही. युरोपात गेलेल्या भारतातल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखणारं रसायन, बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. माल जाण्याआधी इथे तपासला गेला होता, अहवाल स्वच्छ होते, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत तेव्हा हे नावच नव्हतं. लोकांनी घातलेलं होतं, माहीतही होतं, पण विचारलं नाही म्हणून कागदावर आलं नाही. मामाचा माल त्या वर्षी बाहेर गेलेला नव्हता, पण भाव सगळ्यांचाच पडला. नंतर सीसीसी यादीत आलं, आता मामाच्या तोंडी रेसिड्यू, पीपीएम असे शब्द आपल्या 'पाणी सोडलंय का'सारखे असतात. नमुने मोठ्या यंत्रांवर जातात, खर्च येतो, वेळ जातो, आणि म्हणून बांधावरच चालेल असल्या साध्या पट्ट्यांवर बरंच काम चालू आहे. त्यातली एक युक्ती मला फार हुशारीची वाटते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं किड्यांच्या मज्जातंतूंमधलं एक एन्झाइम बंद पाडतात, किडा मरतो तो त्यानेच. तर तेच एन्झाइम पट्टीवर ठेवायचं, त्याच्या कामाने रंग येईल अशी सोय करायची आणि द्राक्षाचा रस टाकायचा. रंग आला तर औषध नाही, रंग आलाच नाही तर आहे. काम थांबलं हीच खूण. बाबांना सांगितलं तर लगेच, "फ्रिज चालू आणि चकती ढिम्म."

आणि कधी कधी सेन्सर भलत्यालाच आपलं मानतो, ते तर आणखी वाईट. काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांमध्ये एक वेगळं एन्झाइम असायचं ज्याला ग्लुकोज आणि माल्टोज यातला फरक कळत नसे. साध्या माणसाला काही फरक पडत नाही, पण पोटातून डायलिसिस करणाऱ्यांना जे एक औषधी द्रावण देतात त्याचं शरीरात माल्टोज होतं. मीटर म्हणणार साखर खूप, नर्स इन्सुलिन वाढवणार, आणि खरी साखर तर आधीच तळाला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2009 साली याबद्दल जाहीर इशारा दिला, तोवर त्यांच्याकडे असे 13 मृत्यू नोंदले गेले होते. मीटर बिघडलेलं नव्हतं, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

आमच्याकडचे घोळ त्यामानाने विनोदी म्हणायचे. आईलाही साखर आहे, ती अजून बोट टोचण्यावरच आहे, सेन्सर नको म्हणते, अंगाला काही चिकटलेलं तिला आवडत नाही. मे महिन्यात आमरस काढता काढता तिने मधेच हात पुसून बोट टोचलं आणि मीटरवर 368. तिला गरगरायलाच लागलं, बाबांनी धाकट्याला फोन, धाकट्याने मला, मी डॉक्टरांना. डॉक्टर शांतपणे म्हणाले, नळाखाली हात धुवा आणि परत बघा. 134. जपानमधल्या डॉक्टरांनी 2011 साली हा प्रयोगच करून छापलाय, लोकांना फळं सोलायला लावून बोटं टोचली. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं तरी आकडा चढाच आला, वाहत्या पाण्याने धुतल्यावरच तो ताळ्यावर आला. म्हणजे थेंबभर रक्त आणि त्यात बोटावरचा हापूस. बाबांचं वेगळं, त्यांना चघळायला लिमसी, ती व्हिटॅमिन सीची गोळी, लागते, लहान मुलासारखी खिशात असते. व्हिटॅमिन सी जास्त झालं तर काही सेन्सर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, कारण त्या पात्यावर तेही आपले इलेक्ट्रॉन सोडतं आणि पात्याला ते कुणाकडून आले याच्याशी देणंघेणं नसतं. डॉक्टरांनी लिमसी बंद केली तेव्हा बाबा जेवढे चिडले तेवढे जिलबी बंद केल्यावर नव्हते चिडले.

आणि रात्री. पहिल्यांदा अलार्म वाजला तेव्हा पावणेतीन वाजले होते, सांगलीत वाजला, पुण्यात वाजला, अबुधाबीत सव्वाला वाजला. 58, बाण खाली. आईने दिवे लावले, साखरपाणी केलं, बाबांना उठवून बसवलं, ते म्हणतात मला काही होत नाहीये, घाम नाही, थरथर नाही, झोपू द्या. मी फोनवरून ओरडतेय आधी प्या. शेवटी आईने बोट टोचलं तर 127. झालं होतं असं की बाबा सेन्सरच्या कुशीवर झोपले होते. चकती रक्तातली साखर बघतच नाही, ती बघते कातडीखाली पेशींच्या आजूबाजूला असलेल्या पाण्यातली, रक्तातला बदल तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यात त्यावर आख्ख्या अंगाचा भार पडला की तिथला पाझर आटतो आणि आकडा आपोआप पडतो. तोपर्यंत अर्धा पेला साखरपाणी पोटात गेलेलं, त्यामुळे तासाभराने वरच्या बाजूचा अलार्म. त्या रात्री तीन घरांत कुणी झोपलं नाही आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस तेवढा घोरत होता, ते धाकट्याला व्हॉट्सॲप कॉलवर ऐकू येत होतं.

पण हेही सांगते की त्याच्याच पुढच्या महिन्यात एकदा 61 आलं ते खरं होतं. बोटाने 59. बाबा तेव्हाही म्हणत होते मला काही होत नाहीये. वर्षानुवर्षं साखर वरखाली झाली की शरीर घाम-थरथर असं काही सांगायचंच सोडून देतं, त्यांचं तसं झालंय. त्या रात्री चकती नसती तर काय, हा विचार मी फार पुढे नेत नाही. म्हणून मला कुणी म्हणालं की काय हे फॅड, आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, तर मी वाद घालते. आणि कुणी म्हणालं की सगळ्यांनीच लावावं, किती छान, तर त्यांच्याशीही घालते. दोन आठवड्यांच्या एका चकतीला काही हजार रुपये पडतात. आयसीएमआरच्या 2023 साली छापून आलेल्या पाहणीत देशात 10 कोटींवर मधुमेही निघाले, त्यातल्या बहुतेकांना सहा महिन्यांतून एकदा बोट टोचून घ्यायला मिळालं तरी खूप. आणि आमच्या ऑफिसातली तिशीची धडधाकट मुलं उगाच गंमत म्हणून दंडाला लावतात, केळ्याने किती चढते आणि इडलीने किती याच्या स्टोऱ्या टाकतात. मी कुठल्या बाजूची आहे ते दर आठवड्याला बदलतं.

चहाच्या त्या दुपारनंतर ग्राफमध्ये भोकं पडायला लागली. साडेतीन ते साडेपाच, रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. रेघ यायची, तुटायची, पुढे परत सुरू व्हायची. मला आधी वाटलं नेटवर्क, धाकट्याला वाटलं ॲप, तो कस्टमर केअरशी भांडत बसला. मग लक्षात आलं, बाबा फोन घरी ठेवून बाहेर जातायत. चकतीचा आणि फोनचा संबंध तुटला की माझ्यापर्यंत काही येत नाही. फिल्म सरकवली होती त्यांनी, जन्मभर जी दुसऱ्यांच्या मीटरमधून काढली ती. मला इतकं हसू आलं, आणि राग, आणि कुठेतरी बरंही वाटलं की हा माणूस अजून कुणाच्या ताब्यात जायला तयार नाही. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. चकती काही तासांचे आकडे स्वतःकडे राखून ठेवते, फोन जवळ आला की ती मागचं सगळं ओतते. म्हणजे बाबा सहाला घरात पाऊल टाकायचे आणि माझ्या स्क्रीनवर ते भोक हळूहळू भरून निघायचं, चार वाजताचा डोंगर अगदी व्यवस्थित उमटायचा.

मी काही बोलले नाही, बोलला तो धाकटा. त्याने स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली तीन लाल प्रश्नचिन्हं. त्या ग्रुपवर आत्या आहे, दोन चुलत भाऊ आहेत, त्यांच्या बायका आहेत. बाबांनी ग्रुप सोडला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने 'लेफ्ट' होणं म्हणजे आमच्या घरात भूकंप होता. आत्याने फोन करून मलाच झापलं, "अगं त्याचं पोट आहे ते, काय नोटीसबोर्ड आहे का?" आत्या चौथी शिकलेली आहे.

मग मी एक शनिवार काढून सांगलीला गेले. बाबांनी कागद तयारच ठेवला होता, वहीचं पान, समास आखलेला, वर तारीख. अटी होत्या. सत्तरच्या खाली गेली तर तुम्हा दोघांना अलार्म, दिवसरात्र कधीही, मान्य. बाकीचं रीडिंग माझं मी वहीत लिहीन, महिन्याने डॉक्टरांना दाखवीन, तुम्हाला हवं तर तेव्हा बघा. पाटलांकडे जाईन त्या दिवशी इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना मी विचारलेलं आहे. ग्रुपवर परत येणार नाही. मी म्हटलं, बाबा, डॉक्टर तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करतात, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, त्यात सगळं निघतंच. म्हणाले, "ते सरासरी बिल झालं. दार बंद असलं की आम्ही पाठवायचो तसलं. त्यावर माणूस कसा राहतो ते कळत नाही." शेअरिंग बंद करून फक्त अलार्म चालू ठेवायची सोय त्या ॲपात सापडायला मला अख्खी दुपार लागली, तसं नेमकं जमलं नाहीच, शेवटी धाकट्याने आणि मी आमच्या फोनवरची बाकीची नोटिफिकेशनं बंद केली आणि ॲप उघडायचं नाही असं कबूल केलं. मी पाळते. बहुतेक. धाकट्याचं माहीत नाही, कारण अबुधाबीत दुपारी काय चालतं ते मला कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.

दिवाळीला तो आला तर एक अंगठी घेऊन. ऑनलाइन मागवलेली, काळी, चकचकीत, म्हणे सुई नाही, पातं नाही, नुसती बोटात घालायची, प्रकाश टाकते आणि साखर सांगते. मी त्याला म्हटलं अरे असं काही अजून आलेलं नाही, एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय की कातडीला न टोचता साखर सांगणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही, यावर विसंबून इन्सुलिन घेऊ नका. त्वचेतून प्रकाश टाकून ग्लुकोज शोधायची खटपट किती वर्षं चाललीये, पण पाणी, चरबी, घाम, कातडीची जाडी या सगळ्याच्या गोंगाटात ग्लुकोजची कुजबुज सापडत नाही नीट. धाकटा म्हणाला ताई तू फार निगेटिव्ह असतेस, रिव्ह्यू बघ किती चांगले आहेत. बाबांनी काही न बोलता अंगठी बोटात घातली. 112. काढून आईच्या बोटात घातली. 114. मग उठून आत गेले, बटाट्यांच्या टोपलीतून एक लांबट बटाटा आणला, त्याच्या टोकावर अंगठी बसवली आणि चष्मा वर करून धाकट्याचा फोन लांब धरून वाचला.

"109," म्हणाले. "परत पाठवून दे, पैसे मिळतायत का बघ. आणि बटाट्याला सांग, मर्यादेत आहे."